संग्रहातली आपली गोष्ट

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणी झाली, करंज्यांचे ताट रिकामे झाले, आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दिवाळी अंकांवर झडप घातली. कोणी भविष्याचे पान उघडले, कोणी व्यंगचित्रे पाहू लागले. माझ्या भाचीला वाचनाची दांडगी हौस. पण ती अंक बाजूला सारून माझे पुस्तकांचे कपाट न्याहाळत होती. एकदम म्हणाली, "मामा, तू हे कथासंग्रह कशाला रे विकत घेतोस? कादंबरी घेतली तर पंधरा दिवस सोबत करते. कथेतली माणसे ओळखीची होतात न होतात तोच उठून जातात, आणि लगेच दुसरी अनोळखी माणसे दारात उभी!"

सगळे हसले. मीही हसलो, पण मला पटकन उत्तर देता आले नाही. त्याचे खरे कारण त्या दिवशी सांगितले नाही, ते आता सांगतो. एके काळी मी स्वतः याच मताचा होतो. मराठी कथा 'सत्यकथा' मासिकाबरोबर संपली, आता उरली ती नुसती दिवाळीची भरताड, असे मी चारचौघांत ठासून सांगत असे. जुने घर सोडून सदनिकेत राहायला आलो तेव्हा दोन पोती भरून जुने अंक आणि कथासंग्रह रद्दीवाल्याला देऊन टाकले. त्याने ते तागडीत घालून तोलले, आणि मला त्याचे काही वाटले नाही.

ती पोती भरतानाच एक पुस्तक हाती लागले. खाकी कागदाचे कव्हर, वर सुवाच्य अक्षरात 'अंकगणित, इयत्ता सहावी'. अक्षर माझ्या आत्याचे. आत्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. माझ्या वडिलांचे शिक्षण आणि धाकट्या दोन बहिणींची लग्ने तिच्या पगारावर झाली. तिचे लग्न राहून गेले. ते पुस्तक तिच्या फळीवर कायम असे, आणि गणिताचे म्हणून आम्ही पोरे कधी त्याच्या वाटेला गेलो नाही. पोत्यात टाकण्यापूर्वी सहज उघडले, तर आत 'कळ्यांचे निःश्वास'. कुठे रेघ नाही, खूण नाही. पण पुस्तक जमिनीवर ठेवले की एका ठिकाणी आपोआप उघडे, इतक्या वेळा ते तिथे उघडले गेले होते.

ते एवढे पुस्तक मी ठेवून घेतले. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या हाती तेव्हाच आले होते, फक्त मला ते वाचता आले नव्हते. आज ते वाचून पाहतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. त्यात कादंबरी आठवड्यामागून आठवडे चाले, आणि तिच्या शेजारी आटोपशीर अशी एखादी गोष्ट येई. हरिभाऊ तिला 'स्फुट गोष्ट' म्हणत. स्फुट म्हणजे सुटी, फुटकळ. नाव असे दुय्यम. पण दुष्काळात होरपळणाऱ्या कुटुंबाची 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट हरिभाऊंनी लिहिली ती याच फुटकळ प्रकारात. शहरातल्या सुखवस्तू वाचकाच्या माजघरात दुष्काळातला शेतकरी येऊन उभा राहिला तो या लहान दारातून. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या सव्वाशे वर्षांत मराठी कथेने हेच काम पुन्हा पुन्हा केले आहे.

पुढे काशिनाथ रघुनाथ मित्रांचे 'मनोरंजन' आले. त्यांनी १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला आणि आपल्या फराळाच्या ताटाशेजारी कथेचे पान मांडले ते आजतागायत. 'मनोरंजन'मध्ये वि. सी. गुर्जर 'संपूर्ण गोष्ट' लिहीत. पुढील अंकी चालू नाही, एका बैठकीत पुरी होणार, हे त्या नावातले आश्वासन. गुर्जरांच्या गोष्टी गमतीच्या, गैरसमजांच्या, गोड शेवटाच्या. त्या घरोघर मोठ्याने वाचल्या जात. तोवर कथा म्हणजे काय घडले ते सांगणे होते. घडलेल्याचा मनावर काय ओरखडा उठला हे सांगणारे पुस्तक आले १९२७ साली: दिवाकर कृष्णांचे 'समाधि व इतर सहा गोष्टी'. सात गोष्टींचे ते लहानसे पुस्तक आजही मराठी कथेच्या इतिहासातला मैलाचा दगड मानले जाते. संग्रहाची थोरवी पानांच्या संख्येवर मोजू नये, हा धडा आपण तेव्हाच शिकायला हवा होता.

आणि मग १९३३. 'कळ्यांचे निःश्वास', लेखिका विभावरी शिरूरकर. ही विभावरी शिरूरकर कोण, याचा महाराष्ट्राने केवढा शोध घेतला! पुस्तकाने खळबळ उडाली, निंदा झाली, आणि लेखिका टोपणनावाच्या आड राहिली. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे उघड व्हायला बरीच वर्षे लागली. या अकरा कथांत होते तरी काय? शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुली. घर ज्यांच्या मिळकतीवर चालते आणि म्हणूनच ज्यांच्या लग्नाची घाई कोणाला नसते, अशा मुली. त्यांनाही मन आहे, शरीर आहे, एवढेच लेखिकेने म्हटले होते.

आमच्या घरात हे पुस्तक उघड्यावर राहू शकत नव्हते, म्हणून ते अंकगणित झाले. पुस्तक एका विशिष्ट कथेपाशी उघडे. कोणत्या, ते मी सांगणार नाही. ती आत्याची गोष्ट आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की कादंबरी साऱ्या वाचकांची मिळून एक असते. संग्रहातली मात्र एखादीच कथा आपली असते, आणि ती कोणती हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

तोवर फडके-खांडेकरांचे युग भरात आले होते. फडक्यांनी कथेला डौल आणि तंत्र दिले, खांडेकरांनी ध्येयवाद दिला. दोघांचे वाचक अफाट. पण दर अंकात तोच सफाईदार आरंभ, तोच शेवटचा धक्का असे होऊ लागले की वाचक नकळत शेवट ओळखू लागतो. अनुकरण करणाऱ्यांनी त्या तंत्राचा साचा केला. साच्यातून चकल्या एकसारख्या निघतात म्हणून बऱ्या दिसतात. कथा एकसारख्या निघाल्या की संग्रह मिटावासा वाटतो.

तो साचा १९४५ च्या आसपास मोडला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांची नावे 'नवकथा' म्हटली की एका दमात घेतली जातात. पण चौघांचे चार सूर. गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या 'कडू आणि गोड' (१९४८) या संग्रहात शहरी मध्यमवर्गाचे मन इतके जवळून दिसते की वाचणाऱ्याने चपापावे. कथानक बारीक झाले आणि माणूस मोठा झाला.

माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ सालचे. लेखक अवघा बावीस वर्षांचा. या लेखनाला कथा म्हणावे की व्यक्तिचित्रे, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. झेल्या, धर्मा रामोशी, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस ही माणसे त्यापूर्वी मराठी पुस्तकात आली असतीलच तर गडी म्हणून किंवा विनोदासाठी आली होती. इथे ती आपापल्या नावाने, आपल्या बोलीत, आपल्या अब्रूसह आली. माडगूळकर त्यांची कीव करीत नाहीत आणि त्यांना देव्हाऱ्यातही बसवीत नाहीत. सुकलेल्या माणदेशासारखीच त्यांची वाक्ये: कमी पाण्यावर तग धरणारी. पुढे माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथने केली. चावडीवरून छापखान्यात गेलेली गोष्ट पुन्हा माणसांच्या गर्दीत आली, आणि ज्यांनी जन्मात पुस्तक विकत घेतले नव्हते त्यांनीही ती ऐकली.

याच्या अगदी उलट्या वाटेचा लेखक म्हणजे जी. ए. कुलकर्णी. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा हा एकांतप्रिय माणूस सभा-संमेलनांपासून दूर राहिला. 'निळासावळा' १९५९ साली आला; मग 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन'. 'काजळमाया' १९७२ चा. त्याला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे तो त्यांनी परतही केला. त्यांच्या कथांत सीमाभागातली दरिद्री घरे आहेत आणि कोणत्याच नकाशावर नसलेले वाळवंटी प्रदेशही. त्यांचा संग्रह एका बैठकीत वाचू नये. मी तरुणपणी तसा वाचला आणि आठ दिवस उदास होतो. एक कथा वाचावी, पुस्तक मिटावे, चार कामे करावीत. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती कथा आपोआप मनात उघडते. संग्रहातल्या दोन कथांमध्ये जे कोरे पान असते ते वाया गेलेले नसते, हे मला जीएंनी शिकवले.

उंबऱ्याबाहेर अजून बरीच माणसे उभी होती. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली निघाला. त्यातल्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरी लागलेला दलित तरुण परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. ती उघडी पडते, आणि मग त्याच्यावर जे गुदरते ते वाचताना हातातले पुस्तक जड होते. बागुलांनी झोपडपट्टी, गुन्हेगार, वेश्यावस्ती यांचे जग बाहेरून पाहिले नव्हते; मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात ते राहिले होते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ सालचे, म्हणजे या संग्रहानंतर पंधरा वर्षांनी आलेले. दलित आत्मकथनांचा मोठा प्रवाह सुरू झाला त्याच्या कितीतरी आधी लहानशा कथेने ते दार ढकलले होते. आमच्या वाचनालयात हा संग्रह होता, पण मी तो पंचविशी उलटेपर्यंत घरी आणला नाही. कारण विचाराल तर आज मला त्याची लाज वाटते: नाव वाचूनच मी तो पुन्हा जागेवर ठेवला होता.

यानंतरचे साल १९८२. त्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांवर कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा कधी आत गेले नाहीत. त्याच वर्षी 'सत्यकथा' बंद पडले. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणारे हे मासिक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली मराठी कथेची शाळाच झाले होते. शाळा कडक होती आणि तिच्यावर राग धरणारेही पुष्कळ होते. १९६९ साली बंडखोर तरुण लेखकांनी सत्यकथेचा अंक जाळला होता. तरी दर महिन्याला चांगली कथा निवडून, पुन्हा लिहवून घेऊन छापणारे ते घर मिटले, आणि माझ्यासारख्यांनी कथेचे सुतक धरले. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या मोठ्या लेखकाने कथा या प्रकारालाच कमी लेखले होते, त्याचाही आम्हांला आधार सापडला. गिरगावापासून गिरणगाव हाकेच्या अंतरावर. पण तिकडच्या बंद भोंग्यांतून उद्या कथा जन्माला येईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

ती आली. एका मित्राने माझ्या गळ्यात बळेच एक पुस्तक मारले: जयंत पवारांचे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. पवार गिरणगावात वाढलेले, पेशाने पत्रकार, 'अधांतर' या गिरणी कामगार कुटुंबावरच्या नाटकाचे लेखक. मी संशयाने उघडलेले ते पुस्तक पहाटे दोनला मिटले. या कथा लांब आहेत. त्यांत चाळ आहे, संपानंतर वाऱ्यावर सुटलेली पोरे आहेत, गिरणीच्या जागी उभे राहिलेले झगझगीत बाजार आहेत. आणि गोष्ट सांगता सांगता गोष्ट म्हणजे काय, ती खरी कोणाची, हा प्रश्नही आहे. या संग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये पवार गेले, तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

मग मी शोधू लागलो, आणि माझे सुतक किती खोटे होते ते कळले. परभणीचे पत्रकार आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' संग्रहाला २०१६ चा अकादमी पुरस्कार मिळाला. यांच्या कथांतले खेडे आता माडगूळकरांचे उरलेले नाही. तिथे निवडणुकीचे राजकारण आहे, योजनांचे कागद आहेत, आणि त्या दोहोंमध्ये भरडला जाणारा साधा माणूस आहे. कोल्हापूरकडच्या किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला तोच मान २०२१ मध्ये मिळाला. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलाचे बुजणे, लपवणे, हळूहळू बदलत जाणे गुरव हलक्या विनोदाने सांगतात. हसता हसता आपलेच कॉलेजचे पहिले वर्ष आठवते.

आजची कथा लांबली आहे. मासिके कमी झाली आणि कथेचा मुख्य निवारा दिवाळी अंक हाच उरला. वर्षाकाठी एक-दोन कथा लिहिणारा लेखक एका कथेत पुष्कळ काही मांडू लागला. म्हणून संग्रहात पूर्वी पंधरा कथा असत तिथे आता चार-सहा दीर्घकथा असतात. हा दोष नव्हे, काळाने कथेचे केलेले अवस्थांतर आहे.

तर मग कोणता संग्रह वाचण्याजोगा? इतक्या वर्षांच्या चुकांनंतर माझे दोन-तीन ठोकताळे झाले आहेत. पहिला हा की त्यातली सगळी माणसे लेखकाच्याच भाषेत बोलत असतील तर पुस्तक ठेवून द्यावे. आजी, तलाठी आणि रिक्षावाला एकाच सुरात बोलू लागले की समजावे, लेखक घराबाहेर पडलेला नाही. दुसरा, शेवट ठाऊक असूनही कथा पुन्हा वाचावीशी वाटते का ते पाहावे. नुसत्या धक्क्यावर उभी असलेली कथा फटाक्यासारखी असते. एकदा वाजली की कागदच उरतो. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. अंकात कथा पाहुणी असते, संग्रहात ती घरची होते. मग शेजारच्या कथेशी तिचे काही बोलणे होते की नाही? बागुलांच्या, पवारांच्या संग्रहात ते होते. सगळ्या मिळून एका माणसाकडे बोट दाखवतात, आणि तो माणूस तोवर आपल्या उंबऱ्याबाहेर उभा असतो. हरिभाऊंचा दुष्काळी शेतकरी, विभावरींच्या मुली, माणदेशचा रामोशी, जात लपवणारा तरुण, गिरणगावातली पोरे. ज्या संग्रहाने कोणालातरी आत घेतले तो टिकला. ज्याने आत बसलेल्यांचीच पुन्हा करमणूक केली तो रद्दीत गेला. माझ्या त्या दोन पोत्यांत दोन्ही प्रकारचे संग्रह होते, हे माझे दुःख आहे.

भाचीची तक्रार खरीच आहे. कथेतली माणसे लवकर उठून जातात. पण दारात उभा राहून चार वाक्ये बोलून गेलेला माणूस कधी कधी महिनाभर मुक्काम केलेल्या पाहुण्याहून अधिक आठवतो. आणि पुष्कळांना तर दारात उभे राहण्यापुरतीच जागा आजवर मिळालेली असते.

हे सारे भाऊबीजेच्या दिवशी तिला सांगता आले नाही. ती निघाली तेव्हा मी कपाटातून खाकी कव्हराचे पुस्तक काढून तिच्या पिशवीत ठेवले. वरचे अक्षर वाचून ती म्हणाली, "अंकगणित? मामा, चेष्टा करतोस काय?" मी म्हटले, "ने तर खरी."

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाले, मग जरा थांबून तिने विचारले, "मामा, हे पुस्तक एका ठिकाणी आपोआप उघडते, ते तुझ्यामुळे का रे?"

मी म्हटले, "नाही गं. तुझ्या आजीच्या थोरल्या बहिणीमुळे."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "माझी गोष्ट दुसरीच आहे. त्याच्या नंतरची."

कोणती, ते मी विचारले नाही. या दिवाळीला तिने माझ्याकडे ओवाळणी म्हणून पैसे नकोत, दोन नवे कथासंग्रह हवेत असे आधीच सांगून ठेवले आहे. खाकी कव्हराचा कागद मात्र मी या वेळी आणणार नाही.